दुपारी छत्री फिरवायची असते

चोपडा तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आलंय. केळी आणि मिरचीवालं शेतकरी घर. पत्र चार पानी आहे, गाभा तेवढा देतो:

"भाऊ, आखाजी (अक्षय तृतीया) झाली की सप्तमीला आम्ही आठ जण गुहागरला असू. आम्ही दोघं, दोन मुलं (धाकटा दहा महिन्यांचा), सासूबाई, नणंद, नंदोई आणि त्यांची मुलगी. सासूबाई ७२ वर्षांच्या आहेत. तापी सोडून त्यांनी मोठं पाणी पाहिलेलं नाही. रोज विचारतात, 'समिंदर कितला मोठा ऱ्हास वं?' त्यांना सावलीत निवांत बसून तो बघता यावा, एवढीच माझी इच्छा. ऑनलाइन तीन वस्तू बघून ठेवल्यात: सात फुटी छत्री, झटक्यात उघडणारा तंबू आणि दहा बाय दहाचा चार पायांचा मांडव. बजेट तीन हजार. आमचे हे म्हणतात, 'आपण ४५ डिग्रीत बागेत राबतो, तिथं ३३ डिग्रीत छत्री कशाला? फारच वाटलं तर रोपवाटिकेवरची शेडनेट नेऊ, चार बांबू ठोकू.' तर काय घेऊ, ते वाळूत कसं लावू आणि यांना काय सांगू?"

ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. दाजींचं समाधान झाल्याशिवाय गाडीच्या कॅरिअरवर काही चढणार नाही, हे मला माहीत आहे. आमच्या घरीही असंच आहे, फक्त तिथं दाजी मीच.

दाजी ४५ डिग्रीत राबतात हे खरं. पण कसे राबतात ते आठवा. डोक्याला रुमाल, अंगात पूर्ण बाह्यांचा सदरा, बारा वाजले की केळीच्या बागेत नाहीतर निंबाखाली. आपल्याकडचं ऊन चटका देतं म्हणून आपण त्याला घाबरतो आणि घाबरतो म्हणून वाचतो. समुद्रावर सतत वारा असतो, पाय पाण्यात असतात, अंगाला गार वाटतं. मग माणूस सदरा काढून ठेवतो आणि चार तास उघडा फिरतो. कातडी भाजते ती अतिनील किरणांनी, आणि ते किरण थर्मामीटर बघून येत नाहीत, सूर्य किती वर आहे ते बघून येतात. मेच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुरुवातीला गुहागरला दुपारी साडेबाराच्या सुमारास सूर्य बरोबर डोक्यावर असतो, उभ्या काठीची सावली काठीच्या बुडाशीच पडते. त्यात कोरडी वाळू आलेल्या अतिनील किरणांपैकी १५ टक्क्यांच्या आसपास परत वर फेकते आणि लाटांचा फेस जवळजवळ २५ टक्के. म्हणजे ऊन वरून, खालून आणि समोरून. संध्याकाळी खोलीवर गेल्यावर कळतं, आणि तिसऱ्या दिवशी भरताच्या वांग्यासारखी साल निघते.

शिवाय हवा दमट. आपल्याकडं घाम आला की वाळतो, तो वाळताना अंग गार होतं. तिकडं तो वाळतच नाही. सासूबाईंना आपल्याकडच्या ४२ पेक्षा तिकडचे ३३ जास्त जड जाऊ शकतात. दाजींना एवढं वाचून दाखवा.

आता तुमच्या तीन वस्तू.

चार पायांचा मांडव नको. बघायला छान, सावली मोठी, शंभर चौरस फूट. पण वाऱ्याच्या दृष्टीनं ते शीड आहे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो. तुमची सात फुटी छत्री धरा. ताशी ३० किलोमीटरच्या वाऱ्यात तिच्यावर साधारण पंधरा किलोचा रेटा येतो, ६० च्या झोतात साठ किलोचा. मांडवाचं कापड त्याच्या अडीचपट. आणि त्याच्याबरोबर मिळणाऱ्या त्या वीतभर लोखंडी खुंट्या बागेतल्या काळ्या मातीसाठी ठीक; वाळूत त्या भाकरीत खोचलेल्या काडीसारख्या निघून येतात. चारही पाय चार पोत्यांना बांधून, दोर ताणून तो मांडव टिकवता येतो, पण तुमचा अर्धा दिवस त्यातच जाईल. शिवाय सूर्य कलला की मांडवाची सावली पूर्ण मांडवाखाली राहत नाही. सात फूट उंच छताची सावली सकाळी दहाला पाचेक फूट समुद्राकडं पडलेली असते आणि दुपारी चारला आठ फूट मागं गेलेली असते. मांडव तुमचा, सावलीत शेजारचे.

झटक्यात उघडणारा तंबू एका कामासाठी चांगला: बाळाला झोपवायला. पण त्यात वाकून, गुडघे टेकून शिरावं लागतं. सासूबाईंना सांगून बघा. दोन्ही बाजूंनी हवा जात नसेल तर आत भट्टी होते. झटक्यात उघडतो हे खरं आहे. मिटायला किती वेळ लागतो ते जाहिरातीत नसतं. मी एकदा दोन पदवीधर माणसांना पाऊण तास त्या तंबूशी कुस्ती खेळताना पाहिलंय. शेवटी तो तसाच, अर्धा उघडा, गाडीच्या मागच्या सीटवर बसून गेला.

छत्री घ्या. घेताना दांड्याचं टोक बघा. बुडाला मोठ्या आट्यांचा स्क्रू असला, तर तो वाळूत फिरवत खाली जातो आणि साध्या अणकुचीदार टोकापेक्षा कितीतरी घट्ट बसतो. काड्या फायबरच्या असाव्यात. त्या वाकतात पण मोडत नाहीत आणि खाऱ्या हवेत गंजत नाहीत. शेंड्याला दुहेरी कापड असून मधून हवा निघायला जागा असावी. दांडा दोन तुकड्यांचा असणारच, पण जोडावर पिन किंवा घट्ट फिरकी हवी, नुसतं एकात एक सरकवलेलं नको. कापडाला 'यूपीएफ ५०' लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ पन्नासातला एकच भाग अतिनील किरण आत येतो. आतून पांढरी छत्री घेऊ नका, गडद घ्या. वाळूवरून उडालेलं ऊन पांढरं कापड पुन्हा तोंडावर टाकतं. हातगाडीवाल्यांची ती रंगीबेरंगी मोठी छत्री स्वस्त मिळते, पण तिला खाली दगडी बैठक लागते. ती तिथंच शोभते.

एक गोष्ट मात्र आत्ताच सांगतो, नाहीतर छत्री घेतली म्हणजे काम झालं असं वाटेल. २०१७ साली अमेरिकेतल्या टेक्सासमधला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. काही लोकांना भर दुपारी एका तलावाकाठी साडेतीन तास नुसतं छत्रीखाली बसवलं, काहींना नुसतं ऊन अडवणारं, एसपीएफ १०० चं क्रीम लावून उन्हात. छत्रीवाल्यांपैकी ७८ टक्के लोकांना भाजल्याची लाली आली, क्रीमवाल्यांपैकी २५ टक्के. दोन्हींतलं एकटं काहीच पुरं पडलं नाही. छत्री वरचं ऊन अडवते; आभाळाच्या कडेकडून आणि वाळूवरून येणारं अडवत नाही. म्हणून छत्रीखालीही बाळाला टोपी आणि पूर्ण बाह्या, बाकी सगळ्यांना क्रीम, आणि सासूबाईंना त्यांचा पदर. पदर चांगला जाड असू द्या. झिरझिरीत कापड उजेडाकडं धरून बघा, त्यातून जेवढे ठिपके चमकतात तेवढं ऊन आत येतं.

आता लावायचं कसं. इथं माझी फजिती सांगायला हवी, कारण मला जे कळलं ते तिच्यातूनच.

सात-आठ वर्षांपूर्वी आम्ही दापोलीजवळच्या मुरूडला गेलो होतो. सकाळी साडेआठला किनाऱ्यावर. मंद वारा जमिनीकडून समुद्राकडं जात होता, ऊन पूर्वेकडून, म्हणजे पाठीकडून. मी शहाण्यासारखी छत्री पूर्वेला कलती केली, म्हणजे तिचा घुमट वाऱ्याकडं आणि उन्हाकडं. छान सावली. पोहे खाल्ले. अकराच्या सुमारास वारा पडला. मी म्हटलं, बरं झालं. मग हळूहळू समोरून, समुद्राकडून झुळूक सुरू झाली आणि सगळे म्हणाले, 'आहाहा.' साडेअकराला त्या आहाहाचा एक झोत छत्रीच्या उघड्या पोटात शिरला. दांडा वाळूतून असा सुटला, जसा लोण्यातून चमचा. छत्री तीन कोलांट्या घेऊन घोडागाडीच्या घोड्यासमोर पडली, घोडा उधळला, गाडीत दोन मुलं बसलेली. कुणाला लागलं नाही. पण तो गाडीवाला मला जे बोलला ते मी निमूट ऐकून घेतलं, कारण तो बरोबर होता.

विनोद म्हणून सांगत नाही. २०२२ मध्ये अमेरिकेत साउथ कॅरोलिनाच्या किनाऱ्यावर उडालेल्या छत्रीचं टोक छातीत घुसून एका बाईंचा जीव गेला. अशा अपघातांमुळे तिकडं २०२४ मध्ये समुद्रावरच्या छत्र्यांसाठी मानक ठरलं: बुडाच्या पकडीसह छत्री ताशी ३० मैलांच्या, म्हणजे साधारण ४८ किलोमीटरच्या वाऱ्यात जागेवर राहिली पाहिजे. आपल्याकडं हे बघणारं कुणी नाही, म्हणून आपणच बघायचं.

मुरूडला जे झालं त्याचं कारण साधं आहे. रात्री जमीन लवकर गार होते, म्हणून पहाटेचा वारा जमिनीकडून समुद्राकडं. दिवसा जमीन तापते, वरची हवा हलकी होऊन उठते, तिच्या जागी समुद्राकडची गार हवा येते. कोकणच्या किनाऱ्यावर हा बदल सकाळी उशिरा होतो आणि दुपारी समुद्रवारा चांगलाच जोर धरतो. आता गंमत बघा. कोकणचा किनारा पश्चिमेकडं तोंड करून आहे. सकाळी सूर्य पूर्वेला, वाराही पूर्वेकडून. दुपारनंतर सूर्य पश्चिमेला, वाराही पश्चिमेकडून. म्हणजे छत्रीचा घुमट उन्हाकडं करा की वाऱ्याकडं, ही अडचण आपल्याला नाहीच, दोन्ही एकाच बाजूला. फक्त मध्यावर, वारा पडला की, उठून छत्री फिरवायची. पडलेला वारा म्हणजे 'बरं झालं' नव्हे, ती सूचना आहे. वाळूची चिमूट सोडून बघा, ती कुठं जाते ते कळेल.

दांडा रोवण्याचं काम दाजींना द्या. रोज खड्डे खणणाऱ्या माणसाला ते पाच मिनिटांचं आहे. वरची कोरडी वाळू आधी फावड्यानं बाजूला करायची, वीतभर खाली ओलसर, गडद वाळू लागते. दांडा त्या ओल्या थरात गेला पाहिजे, एकूण किमान दोन फूट. स्क्रू असेल तर फिरवत न्यायचा. नसेल तर दांडा ठोकायचा नाही, पुढं-मागं हलवत वजनानं खाली दाबायचा. नुसता पुढं-मागं, गोल नाही. गोल फिरवलं की भोक मोठं होतं. मग वाळू लोटायची, वर बादलीभर समुद्राचं पाणी ओतायचं, पायानं चेपायचं, पुन्हा वाळू, पुन्हा पाणी. ओली वाळू दांड्याला धरते, कोरडी नुसती वाहते. शेवटी छत्री न उघडता दांडा दोन्ही हातांनी हलवून बघा. हलला तर पुन्हा. उघडायची सगळ्यात शेवटी.

आणि पोतं. खताचं रिकामं पोतं तुमच्याकडं ढिगानं असेल. धुऊन घ्या, अर्ध्याहून कमी भरा. बारा-तेरा लिटर वाळू म्हणजे वीस किलो होते. तोंड बांधून, वाऱ्याकडच्या अंगाला दांड्यापासून पाचेक फुटांवर दीड फूट खड्ड्यात गाडा, आणि त्याला बांधलेला दोर तिरपा नेऊन छत्रीच्या दांड्याला, डोक्याच्या उंचीवर आवळा. केळीचा घड भरला की झाड कलू नये म्हणून टेकू देता, त्याचंच उलटं रूप; तिथं बांबू रेटतो, इथं दोर ओढतो. छत्री फिरवली की पोतंही दुसऱ्या अंगाला. कंटाळा येईल. दोन पोती आधीच दोन्हीकडं गाडून ठेवा, फक्त दोर बदला. आणि दोराला एखादी लाल चिंधी बांधा, मुलं धावताना दोर दिसत नाही.

आता दाजींची शेडनेट. वर छत म्हणून ती नको. ७५ टक्क्यांची जाळी म्हणजे चौथा हिस्सा ऊन खाली येणार. मिरचीच्या रोपांना ते हवंच असतं, दहा महिन्यांच्या पोराला नको. पण जाळी घरी ठेवू नका, न्या. तिचं एक काम आहे आणि ते दुसरं काहीच करू शकत नाही.

दुपारी साडेतीन-चारनंतर ऊन समुद्राकडून तिरपं येतं. सासूबाईंना सावली हवी तर छत्री समुद्राकडं खाली झुकवावी लागते. झुकवली की त्यांना समुद्र दिसत नाही! ज्यासाठी एवढ्या लांबून आलात तोच छत्रीमागं गेला. इथं जाळी उभी करायची. पाच-साडेपाच फुटी दोन बांबू, दीड फूट वाळूत, मधे जाळी पडद्यासारखी, सासूबाईंच्या समोर दीड-दोन फुटांवर. बांबूंना समुद्राच्या अंगाला तसेच गाडलेल्या पोत्यांचे दोर. बसलेल्या माणसाच्या तोंडावरचं ऊन ती बरंच मऊ करते, आणि तिच्यातून पलीकडचं दिसतं. हिरवी असली तर समुद्र थोडा हिरवा दिसेल, तेवढं चालवून घ्या. छत्रीवरचा वाऱ्याचा मारही कमी होतो. बागेच्या कडेला शेवरी कशाला लावता? भिंत का नाही बांधत? भिंतीवरून वारा उसळतो आणि पलीकडं भोवरा करतो. शेवरीतून तो गाळून येतो. जाळी म्हणजे दोन बांबूंची शेवरी.

आठ जण एका छत्रीत बसणार नाहीत, चार बसले तरी खूप. सासूबाई, बाळ आणि त्याच्याजवळ जो कोणी असेल तो. बाकीच्यांसाठी गुहागरला किनाऱ्यालगत सुरूचं बन आहे. सावली विरळ, पण फुकट आणि वाऱ्यात उडून न जाणारी. नारळाखाली मात्र पथारी टाकू नका. आणि गाडी वाळूत उतरवून तिच्या सावलीत बसायचा बेत कुणी काढला तर तिथंच मोडून काढा. दर सुट्टीत कुणाची तरी गाडी रुतते आणि मागून भरती येते.

भरतीचं विचारलं नाहीत, पण छत्री कुठं रोवायची हे तीच ठरवते. कोकणात जुना हिशेब आहे: तिथीला तीननं गुणा, चारनं भागा, आलेल्या वाजता पूर्ण भरती. सप्तमीला सात त्रिक एकवीस, भागिले चार, सव्वापाच. म्हणजे संध्याकाळी सव्वापाचच्या आसपास पाणी सगळ्यात वर, आणि सकाळी अकराच्या आसपास सगळ्यात खाली. ठोकताळा आहे, तास-अर्धा तास पुढंमागं. तिथल्या कोळ्याला विचारून घ्या. अकराला पाणी लांब गेलेलं बघून लोक पुढं पुढं जाऊन छत्री लावतात आणि चारला सामान उचलून पळतात. वाळूवर काटक्या, शंख, वाळकं शेवाळ यांची एक ओळ दिसेल. कालची भरती तिथवर आली होती. तिच्या मागं चार-पाच पावलांवर बसा. अष्टमीच्या आगेमागे भांगाची भरती, पाणी फार चढत नाही, हे तुमच्या बाजूनं आहे. पुनवेला गेला असतात तर आणखी मागं सरका म्हणालो असतो.

अकरा ते साडेतीन मात्र किनाऱ्यावर नको. छत्री कितीही चांगली असली तरी. जेवा, झोपा. सासूबाईंना खरं तर सकाळी सातला न्या. ऊन मवाळ असतं, वारा पाठीकडून, वाळू गार, अनवाणी चालता येते. तेव्हा छत्रीचीही घाई नसते. त्यांना हात धरून ओल्या वाळूपर्यंत जाऊ द्या, लाट पायावरून परत जाताना पायाखालची वाळू सरकते, तेव्हा पहिल्यांदा येणारा माणूस घाबरतो. हात सोडू नका.

निघण्याआधी एक तालीम करा. गल्लीत कुणाच्या तरी बांधकामाची वाळू पडलेलीच असते. संध्याकाळी सगळं तिथं उभं करून बघा: छत्री, जाळी, पोती, दोर. लोक हसतील. हसू द्या. कोणता दोर आखूड पडतो, दांड्याचा जोड ढिला आहे का, हे चोपड्यात कळलेलं बरं. गुहागरला कळून उपयोग नाही. छत्री मिटताना आधी घुमट बंद, पट्टा आवळून, मगच दांडा उपटायचा. उघडी छत्री हातात धरून चालायचं नाही. घरी आल्यावर सगळं गोड्या पाण्यानं धुऊन सावलीत वाळवा, नाहीतर मीठ जोडात बसून पुढच्या वर्षी दांडा सुटणार नाही. पोत्यातली वाळू तिथंच ओता, पोती परत आणा.

आणि घरातलं घमेलं न्या. किनाऱ्यावर फावडं कुणीतरी देतं. घमेलं कुणी देत नाही.